मोबाईल टेम्पोतच राहू द्या

लाखनीहून सुपारीसाठी नागपूरला निघालेल्या ढोल-ताशा पथकातल्या मुलांनी वाटेत मोबाईल खुशाल वापरावा. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचा तो वेळ त्यांचा स्वतःचा. पण ढोल कमरेला बांधला, की फोन टेम्पोतच बरा. हात, म्हणजे ठेका, बदलायचा इशारा ताशावरून येतो, तो क्षणात झेलावा लागतो; रीलकडे डोळा असलेल्याचे टिपरू मागे पडते आणि अख्खी रांग ढासळते. आठवणींचे काय, असे कुणी म्हणेल. शूटिंगला रस्त्यावरचे बघे काय कमी असतात? रात्री उशिरा परतणाऱ्या मुलींच्या घरच्यांची काळजी मात्र रास्त आहे. त्यासाठी पथकप्रमुखाचा नंबर घरोघरी द्यावा आणि तो फोन उचलला जावा. आणि ढोलाच्या दणदणाटात कानात काही घालायचेच, तर इयरफोनऐवजी बोळे घालावेत.