पाण्याखालचा सोबती

तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिल्यापासून 'स्कूबा डायव्हिंग' हा शब्द मराठी घरांना अपरिचित राहिलेला नाही. नवख्या पर्यटकास प्रशिक्षक हाताला धरूनच पाण्याखाली नेतो. रीतसर शिक्षण घेतलेल्याने मात्र जोडीदारासह उतरावे, असा संकेत आहे. हा जोडीदार कुशल आणि धाडसी असावा, असे सामान्यतः मानले जाते. हे उत्तर अपुरे, किंबहुना घातक आहे.

पाण्याखालचा हिशेब कठोर असतो. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. २० मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो आणि टाकीतील हवाही तिप्पट वेगाने खर्ची पडते. म्हणूनच प्रत्येकाच्या साधनाला श्वासासाठी एक जादा मुखनळी जोडलेली असते. सोबत्याची हवा संपल्यास ती त्याच्या उपयोगी पडावी, हा तिचा हेतू. एकाची शिल्लक हा दुसऱ्याचा विमा होय.

परंतु विमा उतरला की माणूस बेफिकीर होतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. 'दुसरा पाहील' असे दोघेही म्हणू लागले की जोडी केवळ नावापुरती उरते. छायाचित्रांच्या नादात दूर गेलेला निष्णात पाणबुड्या सोबती नव्हेच. खरा सोबती उतरण्यापूर्वी दोघांचीही साधने तपासतो, हातखुणा ठरवून घेतो आणि आपल्या हवेचा आकडा न विचारता दाखवतो. परतताना तो घाई करीत नाही. ५ मीटरवर ३ मिनिटे बरोबरीने थांबतो.

सर्वांत अवघड कसोटी याहून वेगळी आहे. अंगठा वर करणे म्हणजे 'वर चला'. ही खूण कोणीही, केव्हाही, कारण न देता करावी आणि दुसऱ्याने ती तत्काळ मानावी, असा नियम आहे. होडीचे भाडे भरलेले असते, रजा खर्ची पडलेली असते. अशा वेळी माघार जड जाते. परंतु खर्च होऊन गेलेल्या पैशाने पुढचा निर्णय ठरवू नये, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्व येथे जिवाशी निगडित आहे. भीती वाटूनही संकोचाने गप्प राहणारा आणि त्याला संकोच वाटावा असे वागणारा, हे दोघेही सारखेच धोक्याचे.

तेव्हा अनोळखी व्यक्तींच्या जोड्या लावणाऱ्या केंद्रांनी त्यांना होडीत बसण्यापूर्वी दहा मिनिटे एकत्र बसवावे आणि माघारीचा हा करार त्यांच्याकडून स्पष्ट शब्दांत वदवून घ्यावा. त्याला खर्च काहीच येणार नाही.