‘नॉनप्लस्ड’ म्हणजे नेमके काय?

आश्चर्याच्या छटा दाखविण्यात इंग्रजी भाषा मोठी सधन आहे. साधे नवल वाटले तर ‘सरप्राइज्ड’. डोक्यावर वीज कडाडल्यागत झाले तर ‘अॅस्टॉनिश्ड’. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला मेघगर्जनेचा धातूच आहे. या साऱ्यांहून निराळा शब्द म्हणजे ‘नॉनप्लस्ड’. लॅटिन ‘नॉन प्लस’ म्हणजे ‘याहून अधिक नाही’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला तो नाम म्हणून : पुढे बोलण्यासारखे आणि करण्यासारखे काहीच उरले नाही, अशी अवस्था. विशेषण त्यातूनच घडले. आपला ‘अवाक्’ त्याच्या जवळपास जातो; पण अवाक् झालेल्याची वाचा तेवढी बंद पडते, नॉनप्लस्ड झालेल्याची बुद्धीही खुंटते. ‘किंकर्तव्यमूढ’ हाच त्याचा खरा मराठी भाऊ.

विसाव्या शतकात मात्र अमेरिकेत या शब्दाने कूस बदलली. आरंभीचा ‘नॉन’ लोकांना नकारार्थी वाटला. मग ‘प्लस्ड’ म्हणजे गडबडलेला आणि ‘नॉनप्लस्ड’ म्हणजे मुळीच न गडबडलेला, अशी समजूत रूढ झाली. आज मेरियम-वेब्स्टरच्या कोशात दोन्ही अर्थ दिलेले आढळतात; दुसऱ्यापुढे तो मुख्यत्वे अमेरिकेतला असल्याची खूण आहे, एवढेच.

‘साहेबाच्या शब्दाचे आपल्याला काय?’ असे कोणी म्हणेल. पण आज आपल्यातील कितीतरी घरांची नातवंडे अमेरिकेत आहेत. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांना नातवाने कळविले, की डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली तेव्हा बाबा ‘नॉनप्लस्ड’ होते. आजोबांनी जन्मभर शिकविलेला अर्थ घेतला. मुलगा पार हबकला आहे असे समजून, फोनवर बोलणे होईपर्यंत त्या घरात कोणाला घास गोड लागला नाही. मुलाने तर शांतपणे तारीखसुद्धा ठरवून टाकली होती! दोघांपैकी कोणाचेच इंग्रजी कच्चे नव्हते, हीच यातली गोम आहे.

आम्हा इंदूरकर मराठी मंडळींना शब्दांचे असे खेळ नवे नाहीत. पुण्याचा पाहुणा येथे ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी वाचून हसतो. मराठीत शिक्षा ही गुन्हेगाराला, हिंदीत ती विद्यार्थ्याला. मराठी कारकून राजीनामा देतो तो नोकरी सोडण्यासाठी. येथील कोर्टात पक्षकार राजीनामा करतात तो भांडण मिटविण्यासाठी. तरीही आमचा घोटाळा सहसा होत नाही. कारण ती दोन घरे आहेत आणि आपण कोणत्या घरात बसलो आहोत हे कानाला कळते. ‘नॉनप्लस्ड’चे तसे नाही. त्याचे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात, एकाच वाक्यात बसतात, आणि वाक्यावरून खरा कोणता ते ओळखू येत नाही.

अर्थ रूढीने ठरतो, हे मलाही मान्य आहे. तेव्हा अमेरिकेतल्या मुलांना अडाणी म्हणण्यात शहाणपण नाही. पण जो शब्द ऐकणाऱ्याला होकार की नकार हेच सांगू शकत नाही, तो गंमतीच्या गप्पांत चालेल. आजारपण, नोकरी, कोर्टकचेरी असल्या विषयांत तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षकांनी दोन्ही अर्थ शिकवावेत, आणि जुना आधी शिकवावा. कारण जुनी पुस्तके त्याच अर्थाने लिहिलेली आहेत.

आणि नातवंडांशी बोलताना आजी-आजोबांनी सरळ मराठीत विचारावे : “बाबा घाबरला होता, की शांत होता?” या प्रश्नाला दोन अर्थ नाहीत. मात्र त्याचे उत्तर देण्याइतके मराठी त्या मुलांना यायला हवे, आणि ती जबाबदारी कोशकारांची नाही, आपली आहे.