फोन कुठल्याही कंपनीचा असो, कॉल लागलाच पाहिजे

परवा बाजारपेठेत एका टेलरच्या दुकानात बसलो होतो. मालक जन्मापासून कर्णबधिर. हात असा की लग्नसराईत पंधरा-पंधरा दिवस नंबर लागत नाही. तेवढ्यात बँकेतून फोन आला. उचलला सातवीतल्या मुलीने. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "खातेदारालाच द्या." पोरगी म्हणाली, "पप्पांना ऐकू येत नाही." उत्तर आलं, "मग त्यांना ब्रँचला पाठवा." दुकानाला कुलूप लागलं, अर्धा दिवस गेला. काम काय होतं? 'हो, खातं माझंच आहे' एवढं सांगायचं होतं.

आता गंमत बघा. हाच माणूस रोज रात्री नाशिकच्या मित्राशी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लावून तासभर खुणांच्या भाषेत गप्पा मारतो. म्हणजे फोन आहे, नेट आहे, भाषाही आहे. नाही ते एवढंच, की त्याचा व्हिडिओ आणि बँकेचा साधा फोन एकमेकांना जोडणारी सोय.

ही जोडणी अमेरिकेत पंचवीस वर्षांपूर्वी सुरू झाली आणि तिथे एक मोठी चूकही झाली. आपण ती करू नये म्हणून सविस्तर सांगतो.

१९९० च्या अपंग हक्क कायद्याने तिथल्या टेलिफोन कंपन्यांवर कर्णबधिरांसाठी दुभाषी सेवा देण्याचं बंधन घातलं. पुढे व्हिडिओ आला. कर्णबधिर माणूस व्हिडिओफोनसमोर बसून खुणा करतो, स्क्रीनवरचा दुभाषी त्या बघतो आणि साध्या फोनवर पलीकडच्याला बोलून सांगतो. त्याचं उत्तर पुन्हा खुणांत. माणसाला एक पैसा पडत नाही. सेवा देणाऱ्या कंपनीला मिनिटाच्या हिशेबाने पैसे मिळतात, ते सगळ्या टेलिफोन कंपन्यांकडून गोळा केलेल्या निधीतून.

मिनिटाला पैसे म्हटल्यावर गिऱ्हाईक धरून ठेवायची चढाओढ आलीच. व्हिडिओफोन फुकट वाटले गेले, पण त्यातल्या काहींना कुलूप होतं. आमच्या यंत्रावरून आमच्याच दुभाष्यांमार्फत कॉल करायचा, दुसऱ्या कंपनीकडे जायचं नाही. घरात आग लागली आणि आपल्या कंपनीचे सगळे दुभाषी दुसऱ्या कॉलवर असले तर? शेजारच्या कंपनीचे दुभाषी मोकळे असूनही थांबायचं. वर नंबरांचा घोळ. साध्या फोनसारखा कायमचा नंबर नव्हता. इंटरनेटचा पत्ता बदलायचा, म्हणून प्रत्येक कंपनी आपल्या गिऱ्हाइकांची यादी आपल्यापाशीच ठेवायची. ती दुसऱ्या कंपनीला दिसायची नाही.

लोक गप्प बसले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी २००५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाकडे अर्ज केला. मे २००६ मध्ये आयोगाने निर्णय दिला. त्याचा मथितार्थ असा: कुलूप लावाल तर निधीतून पैसे मिळणार नाहीत. कुठल्याही कंपनीच्या ग्राहकाला कुठल्याही कंपनीचा दुभाषी वापरता आला पाहिजे. २००८ मध्ये पुढचं पाऊल पडलं. सगळ्यांना साधा दहा आकडी नंबर आणि सगळ्या कंपन्यांसाठी एकच सामायिक यादी. कंपनी बदलली तरी नंबर तोच. आपत्कालीन कॉल केला तर नोंदवलेला पत्ता मदत करणाऱ्यांपर्यंत पोचतो.

कुणी म्हणेल, कंपनीने यंत्र फुकट दिलं, मग कुलूप लावलं तर बिघडलं काय? बिघडलं हे की यंत्र कंपनीचं असलं तरी मिनिटाचे पैसे सगळ्यांच्या खिशातून येत होते. सरकारी पैशाने बांधलेल्या रस्त्यावर एकाच कंपनीच्या गाड्या धावू द्यायच्या का?

तिथेही सगळं आलबेल झालं असं नाही. २००९ मध्ये खोटे कॉल दाखवून निधीचे पैसे उकळल्याच्या प्रकरणात २६ जणांवर आरोप ठेवले गेले. तेव्हा नुसता नियम करून भागत नाही, हिशेबही तपासावा लागतो.

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेले ५० लाखांहून जास्त लोक आहेत. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची केंद्रीय संस्था २०१५ पासून आहे, तिने १० हजार शब्दांचा कोश केला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. व्हिडिओवरच्या दुभाषी सेवाही लहान प्रमाणावर सुरू होत आहेत. आमच्या टेलरपर्यंत त्यातलं काही पोचलेलं नाही, पण पोचेल. म्हणून नियम आत्ताच लिहून ठेवायला हवा. प्रत्येक बँकेचं, प्रत्येक राज्याचं, प्रत्येक कंपनीचं वेगळं अ‍ॅप निघालं आणि एकाचं दुसऱ्याला जोडेना, तर तेच कुलूप आपल्याकडे येईल.

हे आपल्याला जमत नाही असं मुळीच नाही. २०११ पासून आपण देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलतो. यूपीआयवर एका अ‍ॅपमधले पैसे दुसऱ्या अ‍ॅपवाल्याला सेकंदात जातात, चहाच्या टपरीवरसुद्धा. पैसा जोडता आला, मग माणसाचे हात का जोडता येऊ नयेत?

माझ्या मते मागण्या तीनच. एक, कुठल्याही अ‍ॅपवरून कुठल्याही दुभाष्यापर्यंत कॉल लागावा आणि नंबर माणसाचा असावा, कंपनीचा नाही. दोन, कुलूप लावणाऱ्या सेवेला सरकारने एक रुपयाही देऊ नये. तीन, दुभाष्यामार्फत आलेला कॉल बँकेने, दवाखान्याने आणि ११२ ने त्या माणसाचाच कॉल मानावा. ही तिसरी गोष्ट झाली नाही तर पहिल्या दोन कागदावरच राहतील.

खासदार भेटले तर विचारा. बँकेत गेलात तर मॅनेजरसाहेबांना विचारा, की ऐकू न येणाऱ्या खातेदाराला तुम्ही फोन कसा करता? आमच्याकडे आज त्याचं उत्तर सातवीतली एक मुलगी आहे. ती शाळेत असते तेव्हा फोन नुसता वाजत राहतो.