अंगात मुरलेला हिवताप

"आम्ही जंगलातली माणसं, आम्हाला हिवताप लागत नाही," असे चिचगड परिसरात जुनी माणसे पुष्कळदा म्हणतात. बाहेरगावाहून बदलून आलेला कर्मचारी पहिल्याच पावसाळ्यात थंडी वाजून अंथरुणाला खिळतो आणि इथला शेतकरी मात्र किंचित कणकण असतानाही दिवसभर रोवणीच्या चिखलात उभा असतो. तेव्हा या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे लहान मुलांच्या जिवावर बेतते.

हिवतापाचे जंतू रक्तात शिरले की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडीज, तयार करते. १९६१ साली आफ्रिकेतील गांबिया देशात कोहेन, मॅक्ग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्याने तेथील प्रौढांच्या रक्तातून ही प्रतिपिंडे काढून मलेरियाने आजारी बालकांना टोचली. थोड्याच दिवसांत त्या बालकांच्या रक्तातील जंतू झपाट्याने कमी झाले. वारंवार हिवताप सोसलेल्या माणसाच्या रक्तात संरक्षण असते, हे त्यातून दिसून आले.

मग गोवरासारखा हिवतापही एकदा येऊन कायमचा का जात नाही? कारण फाल्सिपेरम जातीचा जंतू बहुरूपी आहे. तांबड्या पेशीत शिरल्यावर तो पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन मांडतो. या प्रथिनाचे सुमारे ६० नमुने एकेका जंतूजवळ असतात. एकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होईपर्यंत तो दुसरा वेश चढवतो. हे वेश ओळखायला शरीराला अनेक वर्षे आणि अनेक ताप सोसावे लागतात, आणि त्याची सुरुवात बालपणीच होते. जी मुले त्यात दगावली, ती 'आम्हाला हिवताप लागत नाही' असे सांगायला उरत नाहीत.

दुसरे असे की, ही शक्ती ताप आवरते, पण सगळे जंतू मारतेच असे नाही. धडधाकट माणसाच्या रक्तात थोडे जंतू कित्येक महिने राहू शकतात. ॲनॉफिलीसची मादी त्याला चावते, तिच्या पोटात जंतू वाढतात आणि दहा-बारा दिवसांनी तेच शेजारच्या खाटेवरच्या लेकराला मिळतात.

तिसरे, ही शक्ती टिकाऊ नाही. कामासाठी काही वर्षे शहरात राहून परतलेल्या माणसाची ती ओसरलेली असते. पहिलटकरणीच्या बाबतीत तर जंतू वारेत साठतात, तिला रक्तक्षय होतो आणि मूल कमी वजनाचे जन्मते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाला पहिले काही महिनेच पुरतात.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, केवळ ताप आलेल्यांचे रक्त तपासणे पुरेसे नाही. जंगलातील दूरच्या टोल्यांवर पावसाळ्यापूर्वी व नंतर, ताप असो वा नसो, सर्वांचे रक्त तपासले जावे. ओडिशातील दुर्गम आदिवासी गावांत 'दमन' मोहिमेत हेच केले गेले. जोडीला औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या गेल्या. त्या राज्यात २०१६ साली ४ लाखांहून अधिक मलेरियाचे रुग्ण होते, ते २०१८ साली ७० हजारांच्या आत आले. आपल्याकडे हे होऊ नये असे काही कारण नाही.

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. ताप किंचित असला तरी आशाताईंकडून रक्त तपासून घ्यावे. दोन दिवसांत बरे वाटले तरी गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत. मच्छरदाणी एकच असेल, तर तीत लेकरांना व गरोदर बाईला झोपवावे. घरातील कर्त्या माणसाने आपल्याला ताप येत नाही म्हणून तपासणी टाळू नये. ती त्याच्यापेक्षा त्याच्या मुलांसाठी आहे.