हिशेबाची वही कोणाच्या हाती?

(बी. कॉम. भाग २)

एखाद्या दुकानदाराने आपली रोजकीर्द दुसऱ्याकडून लिहून घ्यावी, खतावणीही त्याच्याकडूनच करून घ्यावी, वर्षअखेर ताळेबंदावर सही तेवढी स्वतः ठोकावी आणि नफा किती झाला असे कोणी विचारले, तर "थांबा, लिहिणाऱ्याला विचारून सांगतो" असे म्हणावे; अशा दुकानाची पत बाजारात किती दिवस टिकेल? वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही याचे उत्तर देईल. परंतु दुकानाच्या बाबतीत जे आपल्याला हास्यास्पद वाटते, तेच देशाच्या बाबतीत घडू लागले तर ते आपल्या लक्षातही येत नाही. देशाच्या प्रगतीची वही कोण लिहितो, कोण तपासतो आणि ती शेवटी कोणाजवळ राहते, या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हा लेखनप्रपंच.

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९३ सभासद राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे मान्य केली. त्यांखाली १६९ लक्ष्ये आहेत आणि मुदत २०३० सालापर्यंतची आहे. दारिद्र्य, भूक, आरोग्य, शिक्षण, पाणी यांच्या जोडीला सोळाव्या उद्दिष्टात न्याय आणि उत्तरदायी शासनसंस्था यांचाही समावेश आहे. म्हणजे कारभार कसा चालतो, हेदेखील आता मोजायचे आहे. आपल्या देशात या कामाचा समन्वय नीती आयोगाकडे असून राष्ट्रीय निर्देशकांची चौकट सांख्यिकी मंत्रालयाने तयार केली आहे. नीती आयोगाने २०१८ साली पहिला निर्देशांक प्रसिद्ध केला, तेव्हा देशाला १०० पैकी ५७ गुण मिळाले होते. २०२३-२४ च्या निर्देशांकात ते ७१ झाले. केरळ आणि उत्तराखंड ७९ गुणांनी पहिले आले. गुणपत्रिका पाहिली की आपल्याला बरे वाटते. विद्यार्थिदशेत तर गुणांशिवाय दुसरे काही दिसतच नाही!

पण ही गुणपत्रिका तयार करण्याचे काम सोपे नाही. शेकडो निर्देशक, डझनावारी खाती, प्रत्येकाच्या नोंदी निराळ्या. म्हणून केंद्रात, राज्यांत आणि राष्ट्रसंघाच्या संस्थांत या कामासाठी कराराने सल्लागार नेमण्याची पद्धत पडली आहे. जाहिरातींत सहसा पदव्युत्तर पदवी, काही वर्षांचा अनुभव आणि इंग्रजीवर प्रभुत्व मागितलेले असते. मुदत काही महिन्यांची किंवा वर्षाची असते. कोणता आकडा कोठून मिळेल ते शोधणे, तक्ते बनवणे, अहवाल लिहिणे ही कामे. मुदत संपली की सल्लागार जातात, अहवाल कपाटात राहतो आणि पुढच्या वर्षी नवी जाहिरात निघते.

सल्लागार नकोतच, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. चांगल्या सल्लागाराचा उपयोग कसा करून घ्यावा, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे. स्वातंत्र्यानंतर देशाचे राष्ट्रीय उत्पन्न मोजायचे होते. १९४९ साली सरकारने त्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष प्रा. महालनोबिस आणि सदस्य दोन: पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव. याच रावांनी पुढे १९७२ साली बेंगळूरमध्ये सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था स्थापन केली, हे आमच्या कन्नड विभागातील मित्रांना सांगायला नकोच. या समितीला सल्ला देण्यासाठी परदेशातून सायमन कुझनेट्स, रिचर्ड स्टोन आणि डर्कसन हे तज्ज्ञ आले होते. त्यांपैकी कुझनेट्स यांना १९७१ साली आणि स्टोन यांना १९८४ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, यावरून त्यांची योग्यता कळावी. पण त्या सल्ल्याचे पुढे काय झाले, ते पाहा. अर्थखात्यात राष्ट्रीय उत्पन्नाचा एक स्वतंत्र विभाग उघडला गेला. आकडेमोड तेथील माणसांनी केली. समितीने १९५१ साली पहिला आणि १९५४ साली अंतिम अहवाल दिला. सल्लागार आपापल्या देशी परतले, समिती संपली, पण ते काम करणारे खाते राहिले. आजही राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे सरकारचे सांख्यिकी कार्यालयच काढते. पाहुण्याने स्वयंपाक शिकवला, पण चूल घरचीच राहिली.

आज काय होते? आमच्या गल्लीत एक अंगणवाडी सेविका राहतात. आम्ही सारे त्यांना मावशी म्हणतो. मुलांची वजने, उंची, आहाराचे वाटप, गरोदर बायांच्या भेटी, सारे त्या टिपून ठेवतात. बोलणे मराठीत, नोंदवही कन्नडात आणि वर पुन्हा तीच माहिती मोबाइलवर भरायची. दिल्लीच्या अहवालात भुकेच्या उद्दिष्टापुढे जो आकडा छापला जातो, त्याच्या मुळाशी अशाच लाखो हातांनी केलेली मोजणी असते. आता वजनाचा काटाच शंभर-दोनशे ग्रॅम चुकीचे दाखवत असेल किंवा पन्नास मुलांची माहिती मावशींना दिवेलागणीनंतर घरी बसून भरावी लागत असेल, तर वरच्या पायरीवर कितीही विद्वान सल्लागार बसवला तरी तो काय करणार? प्रमाणकच चुकले तर तेरीज जुळली म्हणून हिशेब खरा ठरत नाही, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात.

दुसरी गोष्ट जनगणनेची. २०११ नंतरची जनगणना २०२१ साली व्हायची होती, ती झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे. दरम्यानच्या काळात दरडोई, दरशेकडा, दरहजारी असे जेवढे आकडे निघाले, त्यांतील पुष्कळांचा अंश ताजा असला तरी छेद २०११ च्या गणनेवरून पुढे अंदाजलेला होता. गाव वाढले, शहराला चिकटले, माणसे कामासाठी गोव्याला नि पुण्याला गेली. जुन्या छेदाला यातले काय कळणार? एखाद्या निर्देशकाची व्याख्या सुधारण्यासाठी सल्लागार जरूर नेमावा. मात्र मोजणीचा पायाच जुना झाला असेल, तर आधी पाया दुरुस्त करणे हे शहाणपणाचे.

आता तपासणीकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १४४ वे कलम आम्हाला अभ्यासाला आहे. जो हिशेबतपासनीस कंपनीचे हिशेब तपासतो, त्याने त्याच कंपनीचे हिशेब लिहिण्याचे किंवा व्यवस्थापनाला सेवा देण्याचे काम घेऊ नये, असे ते कलम सांगते. कायद्याला ही सावधगिरी का घ्यावी लागली? दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेली एन्रॉन कंपनी आठवा. २००० या एका वर्षात तिने आर्थर अँडरसन या आपल्या तपासनीस संस्थेला तपासणीपोटी सुमारे अडीच कोटी डॉलर दिले आणि सल्ल्यापोटी सुमारे दोन कोटी सत्तर लाख! ज्याच्याकडून तपासणीपेक्षा सल्ल्याचे जास्त पैसे मिळतात, त्याच्या वहीतली चूक कोण दाखवील? २००१ च्या डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी अँडरसनलाही तपासणीचे काम सोडावे लागले.

खाजगी कंपनीसाठी जो नियम आहे, तो सरकारी प्रगतीच्या मोजणीला का नसावा? एखाद्या खात्याची योजना, त्याच खात्याने नेमलेला सल्लागार, त्याच खात्याने द्यायचे मानधन आणि त्याच योजनेच्या यशाचे मोजमाप! सल्लागार कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या पुढच्या कराराची दोरी कोणाच्या हातात आहे, हे तो विसरू शकत नाही. घटनाकारांना हे पुरते ठाऊक होते. म्हणून तर घटनेच्या १४८ व्या कलमाने महालेखापालाला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखे संरक्षण दिले आणि पद सोडल्यावर सरकारची दुसरी नोकरी घेता येणार नाही, अशी अटही घातली.

दोन वह्या असल्याचा फायदा काय, हे एका उदाहरणावरून दिसेल. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. ती नोंद योजना राबवणाऱ्या यंत्रणेची. त्याच सुमारास, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे लोक घरोघर जाऊन विचारत होते. त्यांना देशातील शेकडा १९ कुटुंबे शौचालय वापरत नसल्याचे आढळले. खेड्यांत तर हे प्रमाण शेकडा २६ होते. शौचालये मोठ्या संख्येने बांधली गेली हे खरे. पण बांधणे वेगळे आणि वापरणे वेगळे. केवळ पहिलीच वही असती, तर हा फरक आपल्याला कधी कळलाच नसता आणि त्या शेकडा २६ घरांतल्या बायाबापड्या कागदावरून कायमच्या पुसल्या गेल्या असत्या.

यावर आमचे प्राध्यापक म्हणतील, "अरे, सरकारी कचेरीत सांख्यिकीचे जाणकार आहेतच किती? पर्यावरणाचे, हवेचे, पाण्याचे निर्देशक कारकुनाला कसे जमणार? बाहेरचा माणूस आणावाच लागेल." म्हणणे खोटे नाही. परंतु जाणकार नाहीत म्हणून बाहेरचा आणायचा आणि बाहेरचा आहे म्हणून जाणकार तयार करायचे नाहीत, असे हे चक्र चालू राहिले तर दहा वर्षांनीही कचेरी तेथेच असेल. पोहायला शिकवणारा माणूस आयुष्यभर पाठीला बांधून ठेवायचा नसतो.

म्हणून माझ्या मते सल्लागार नेमताना चार अटी असाव्यात. पहिली, प्रत्येक सल्लागाराबरोबर खात्याचे किमान दोन कायम कर्मचारी काम शिकण्यासाठी असावेत आणि ते शिकले की नाही, यावर मानधनाचा शेवटचा हप्ता अवलंबून ठेवावा. दुसरी, सल्लागाराने केलेले तक्ते, सूत्रे, मूळ माहिती ही सरकारची आणि पर्यायाने जनतेची मालमत्ता असावी. तो गेला की किल्लीही गेली, असे होता कामा नये. तिसरी, जो योजना आखतो किंवा राबवतो, त्याने किंवा त्याच्या सल्लागाराने त्या योजनेचे अंतिम मोजमाप करू नये. आणि चौथी, जेवढा खर्च वरच्या अहवालावर होईल, त्याच्या निदान बरोबरीने खालच्या मोजणीवर व्हावा: चांगला काटा, पुरेसा वेळ, नोंद करणाऱ्याला योग्य मोबदला.

आणखी एक गोष्ट राहिली आणि आमच्या सीमाभागाला ती अधिक जवळची आहे. आकडा गावातून वर जातो, पण खाली परत येतो का? पंचायत राज मंत्रालयाने ही १७ उद्दिष्टे ग्रामपंचायतींसाठी ९ विषयांत बसवली आणि २०२५ साली २०२२-२३ या वर्षाचा पंचायत प्रगती निर्देशांकही प्रसिद्ध केला. पाऊल स्तुत्य आहे. पण त्यात आपल्या पंचायतीला किती गुण मिळाले आणि कोणत्या विषयात ती मागे पडली, हे गावातल्या किती जणांना ठाऊक आहे? मावशींनी मोजलेले वजन सल्लागाराच्या हातून इंग्रजी अहवालात गेले आणि तेथेच राहिले, तर त्या मोजणीने गावाला काय दिले? आपल्याकडे कुलकर्ण्याचे दप्तर मराठी मुलखातही होते आणि कन्नड मुलखातही. वही कोणत्या लिपीत आहे याहून ती वाचून दाखवली जाते की नाही, हाच प्रश्न रयतेला महत्त्वाचा होता. कन्नडात हिशेबाला 'लेक्क' म्हणतात. लेक्क म्हणा की हिशेब म्हणा, ज्याचा आहे त्याला तो कळला पाहिजे.

याबाबत आपण विद्यार्थीही काही करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आपण दरवर्षी एखाद्या खेड्यात घेतो. रस्ता झाडतो, झाडे लावतो, समारोपाला भाषणे होतात. पुढच्या शिबिरात आणखी एक काम घ्यावे, अशी माझी प्राध्यापकांना आणि मित्रांना सूचना आहे. वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी त्या पंचायतीचे प्रसिद्ध झालेले आकडे आधीच काढून ठेवावेत. शिबिरात पन्नास घरे हिंडून त्यांतील दोन-तीन गोष्टी, उदाहरणार्थ नळाचे पाणी, शौचालयाचा वापर, मुलांच्या जन्माची नोंद, स्वतः मोजून पाहाव्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत द्यावी असा १९६९ चा कायदा आहे आणि सोळाव्या उद्दिष्टातही जन्मनोंदणीचा उल्लेख आहे, म्हणून ती मुद्दाम घ्यावी. शेवटच्या दिवशी दोन्ही आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहून गावकऱ्यांना कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत वाचून दाखवावेत. पन्नास घरांवरून साऱ्या गावाचा निष्कर्ष काढता येत नाही, हेही तेथेच सांगावे. या कामाला कोणाला मानधन द्यावे लागणार नाही. आणि पुढच्या ग्रामसभेत एखाद्या म्हाताऱ्याने उठून "हा आकडा कोणी मोजला?" असे विचारले, तर आपले शिबिर सत्कारणी लागले असे मी समजेन.