कॉफीचा चोथा आणि कुंडीतील मेथी

कॉफी गाळून उरलेला चोथा फेकून न देता कुंडीत घालावा, असा सल्ला गृहिणींना हल्ली सर्रास दिला जातो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तथापि त्या कुंडीत आपण मेथी किंवा धने पेरले असतील, तर आधी पुढील हकीकत ध्यानात घ्यावी.

कॉफी म्हटली की आपल्याला कोडगूची आठवण होते. रायपूरच्या वाचकांना मात्र हे झाड आता फारसे परके नाही. बस्तरमधील दरभा येथे जगदलपूरच्या उद्यानविद्या महाविद्यालयाने २०१७ साली त्याची लागवड केली व ‘बस्तर कॉफी’ लोकांच्या पेल्यात आली. या झाडाच्या कोवळ्या पानांत, फळांत व बियांत कॅफीन असते; अरेबिका जातीच्या बीत शेकडा सुमारे सव्वा, तर रोबस्टात दोनहून थोडे अधिक. आपणांस तरतरी देणारे हेच द्रव्य इतर रोपांना जाचक ठरते. गळलेली पाने कुजली व पाऊस पडला की ते मातीत उतरते आणि शेजारी रुजू पाहणाऱ्या बीचे मूळ खुंटते. वनस्पतींच्या अशा परस्परांवरील रासायनिक प्रभावास हान्स मोलिश यांनी १९३७ साली ‘अ‍ॅलेलोपथी’ हे नाव दिले.

मग कॉफीचे स्वतःचे बी रुजते कसे? याचा उलगडा १९८३ साली झाला आणि तो मोठा मौजेचा आहे. अंकुराच्या देठाचा खालचा भाग आधी नुसताच लांबतो व मुळाचे टोक कॅफीनच्या साठ्यापासून दूर ढकलतो. पेशींचे विभाजन सुरू होते ते त्यानंतर!

हे विष सर्वांना सारखे बाधत नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या प्रयोगात कॅफीनने काटेमाठाचे बी रुजू दिले नाही. उडदाच्या रुजण्याला मात्र बाधा आली नाही. आपल्या परिसरातही असा झगडा चालू असतो. पुण्याला १९५५ साली आढळलेले गाजरगवत पार्थेनिन नावाच्या द्रव्याने शेजारच्या रोपांना दडपते. उलट टाकळा दाट पेरला तर तो गाजरगवतालाच मागे रेटतो. छत्तीसगडात या टाकळ्याला चरोटा म्हणतात व त्याची भाजी आवडीने खातात, हे रायपूरकरांना सांगायला नकोच.

आता कुंडीकडे वळू. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वापरलेला चोथा थेट मातीत मिसळला, तेव्हा मुळा, ब्रोकोली, सूर्यफूल यांची वाढ पुष्कळच घटली. यास्तव ताजा चोथा पेरलेल्या कुंडीत घालू नये. वाळलेला पाला व भाज्यांची साले यांबरोबर काही महिने त्याचे खत होऊ द्यावे. सूक्ष्मजीव कॅफीनचे विघटन करतात व चोथ्यातील नत्र पुढे झाडांच्या उपयोगी पडते.

घरात शाळकरी मुले असतील तर दोन बशांत ओल्या फडक्यावर मेथीचे दहा-दहा दाणे ठेवावेत. एकीत साधे पाणी शिंपडावे, दुसरीत गार झालेली कडक कॉफी. आणि चौथ्या दिवशी मुलांनाच मोड मोजू द्यावेत. कॉफी अर्थातच दूध-साखरेवाचूनची घ्यावी, नाहीतर मुंग्यांचेच फावेल.