आईचा आमवात लेकीला येतोच का?



भाताची लावणी आटोपली की घरोघरी हातपाय दुखू लागतात. दिवसभर चिखलात वाकून राहिल्यावर अंग दुखणारच. दोन दिवस विसावा मिळाला, गरम पाण्याने शेकले, की ते जाते. परंतु काही बायांचे दुखणे असे जात नाही. सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत, भाकरी थापता येत नाही, विळा धरवत नाही. तासाभराहून अधिक वेळ हात आखडलेले राहतात आणि दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात. हे कष्टाचे दुखणे नव्हे. हा आमवात असण्याचा संभव आहे. यात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते.

हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन-तीन पट अधिक. त्यामुळे सोयरीक जुळवताना कुजबुज होते, “आईची बोटे वाकडी, उद्या मुलीचीही होतील.” मग आईचे दुखणे लपवले जाते आणि औषधपाणी राहून जाते.

तेव्हा रोग ‘रक्तातून येणे’ म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. रत्नागिरीच्या बागायतदाराला ते अवघड नाही. हापूस कापल्यावर कधी कधी आत पांढरट, आंबट साका निघतो. हा दोष हापूसच्या जातीतलाच. म्हणून तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका न धरणारी ‘रत्ना’ ही जात १९८१ साली दिली. तरीही हापूसच्या एका झाडावरची सगळीच फळे साक्याची निघतात का? नाही. जातीत कल असतो. तापलेल्या जमिनीची धग लागली, म्हणजे तो कल साक्याच्या रूपाने बाहेर येतो.

माणसाचेही तसेच आहे. आमवाताचा कल वाढवणारी काही जनुके आईबापांकडून येतात. परंतु सर्व जनुके सारखी असलेल्या जुळ्यांत एकाला आमवात असला, तरी दुसऱ्याला तो शंभरांत पंधराएक वेळाच होतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढ तपासले, तेव्हा आमवात सुमारे दोनशेंत एकाला आढळला. आई, बहीण किंवा भावाला हा रोग असेल तर धोका साधारण तिप्पट होतो. तिप्पट म्हटले की छाती दडपते, पण थोड्याचे तिप्पट थोडेच! अशा घरातल्या बहुतेक मुलींना हा रोग कधीच होत नाही. तेवढ्यासाठी चांगले स्थळ मोडू नये.

जनुके बदलता येत नाहीत, धग मात्र कमी करता येते. आमवाताच्या बाबतीत सर्वांत मोठी ओळखीची धग म्हणजे विडी-सिगारेटचा धूर. घरात आमवात असेल तर तरुणांनी विडीला हात लावू नये.

सांध्यांची सूज दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. घरात कोणाला आमवात आहे, हे आवर्जून सांगावे. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर बोटे वाकडी होणे बहुधा टळते. या रोगावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. गरोदर बाईला ती चालत नाही, म्हणून मूल हवे असल्यास डॉक्टरांना आधीच विचारावे. बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांनी चटकन आराम पडतो, पण त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने हाडे ठिसूळ होतात आणि रोग आत वाढतच राहतो.

तेव्हा लेकीच्या लग्नासाठी आईची बोटे पदराआड झाकू नका. लग्न ठरण्याची वाट न पाहता आईला आधी दवाखान्यात न्या.